तिसऱ्या सिलिंडरमधली चांदणी

इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं आणि मी तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. तिसऱ्या पिस्टनच्या बरोबर मध्यभागी पुन्हा भोक. करंगळी आरपार जाईल एवढं, कडा वितळून खाली ओघळलेल्या. शाळेची व्हॅन याच दुखण्याने आमच्याकडे दुसऱ्यांदा आली होती. मागच्या वेळी तो पिस्टन मीच बसवला होता, आणि बसवताना त्याला बजावलंही होतं की बाबा रे, आता काही वर्षं तरी मला तोंड दाखवू नकोस.

मामंजी स्टुलावरून उठले नाहीत. लांबूनच मान वाकडी करून त्यांनी बघितलं आणि निकाल देऊन मोकळे झाले.

"कासवाचं काम आहे हे. टॉप गिअरमध्ये टाकतो आणि चढावर गाडी रडवत नेतो. इंजिन गुदमरणार नाही तर काय होणार? सांगून टाक बाईंना."

मामंजी म्हणजे माझे सासरे. गॅरेज त्यांचं, आणि इंजिनाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझा नवरा दाताच्या दवाखान्यात कामाला आहे. ग्रीसचा डाग लागला की तो आधी साबणाला हाक मारतो आणि मग मला. त्यामुळे पान्हे सुनेच्या हाती आले. मामंजींनी ते कुरकुर न करता दिले. कुरकुर काय ती मी केली, आणि अजूनही करते.

कासव म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांची ती शाळा आहे, आणि हे नाव मुलांनीच ठेवलेलं. एका हाताची मूठ, तिच्यावर दुसऱ्या हाताचा तळवा, आणि खालून अंगठा बाहेर काढून डुलवायचा, झालं कासव. ती खूण शाळेतून रस्त्यावर आली आणि आता आख्खा परिसर त्याला कासवच म्हणतो. माणूस जाडजूड, बोलायला मऊ आणि गाडी चालवायला इतका सावकाश की सायकलवाले त्याला मागे टाकताना हात करून जातात. प्रत्येक थांब्यावर मान वळवून शेवटच्या सीटपर्यंत सगळी मुलं नीट बसली आहेत का ते बघतो, कारण मागून ओरडून सांगण्याची सोय नाही. त्याची स्वतःची मुलगी याच शाळेत शिकली, मोठी झाली, नोकरीला लागली. हा मात्र व्हॅन सोडून कुठे गेला नाही.

आणि आता व्हॅन सोडायची वेळ त्याच्यावर आली होती. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई सकाळी स्वतः येऊन गेल्या होत्या. त्या काही दुष्ट नाहीत, उलट फार सरळ बाई. पण एका वर्षात दुसऱ्यांदा इंजिन बसलं म्हटल्यावर संस्थेची माणसं त्यांच्या डोक्यावर मिरे वाटायला लागली होती. "गाडीचा दोष असेल तर तसं सांगा," त्या म्हणाल्या, "आणि चालवणाऱ्याचा असेल तर तेही स्पष्ट सांगा. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल." त्यावर मामंजी तिथल्या तिथे बोलून गेले, "चालवणाऱ्याचाच." तेव्हा हेड उघडलंही नव्हतं, आणि कासव दारात उभा होता. सगळ्यांसमोर त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यांना उलट बोलायचं धाडस त्याला झालं नाही, आणि मला बोलावंसं वाटलं नाही, कारण मलाही ते पटलं होतं.

इंजिनात काय बिघडतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबत दाबत पिस्टन वर येतो. तो वर पोचता पोचता प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. यावरच तर पेट्रोलची गाडी चालते. पण आत कुठे एखादी जागा लालभडक तापून राहिली, तर मिश्रण ठिणगीची वाट बघत बसत नाही, आधीच पेट घेतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि भडका त्याला खाली दाबत असतो. अरुंद जिन्यात समोरासमोर अडकलेल्या दोन हट्टी माणसांसारखं. त्यात पिस्टन इतका तापतो की मधोमध वितळतो. तेव्हा भोक कसं पडलं हा प्रश्नच नव्हता. आत काय तापलं, हा प्रश्न होता.

दुपारी कासव आला. मामंजी मागच्या खोलीत आडवे झाले होते. तो आला आणि टायरच्या ढिगाऱ्यावर अंग चोरून बसला. एवढं मोठं अंग चोरणं सोपं नसतं.

"ताई, खरं सांगा. मी एवढी वाईट चालवतो का?"

मी प्लग पुसत होते. म्हटलं, "मामंजींनी मागच्याच वेळी सांगितलं होतं ना, चढ आला की खालचा गिअर टाक म्हणून?"

"टाकतो ना! तेव्हापासून टाकतोच. जरा चढ दिसला की दुसरा, आणि पुलावर तर पहिला. मुलं हसतात मला. त्यांना ऐकू येत नाही, पण सीटमधून कळतं. आज इंजिन लई ओरडतंय, अशी खूण करतात."

"आणि इंजिनातून ठोके यायचे का?"

"तेही त्यांनीच आधी सांगितलं. मधल्या सीटवरचा एक पोरगा आहे, तो पाय जमिनीवर टेकवून बसतो. कोणीतरी खालून हातोडी मारतंय म्हणाला. मग मी कान दिला तर खरंच. आणि ताई, शेवटी शेवटी तर किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन बंद व्हायचं नाही. गचके देत देत मग थांबायचं. मला वाटलं माझंच काही चुकतंय, म्हणून बोललो नाही कोणाला."

"तोंडाला काय कुलूप लावलं होतं?" मी खेकसले. "असलं काही झालं तर त्याच दिवशी यायचं असतं!"

तो आणखी लहान झाला. मला लगेच वाईट वाटलं, पण माझं हे असंच आहे, ओरडणं आधी येतं आणि वाईट वाटणं मागून. मी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि कामाला लागले.

कारण तो जे बोलला ते माझ्या डोक्यात अडकून बसलं होतं. किल्ली काढली म्हणजे ठिणगी बंद. तरीही इंजिन फिरतंय, याचा अर्थ आत कुठेतरी निखारा आहे. आणि माणूस खालच्या गिअरमध्ये चालवत होता. म्हणजे रडवण्याचा आरोप गेला.

मग मी एकेक करून सगळ्यांच्या मागे लागले. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून बघितलं, वास घेतला, त्यात भेसळ दिसेना. ठिणगीच्या टायमिंगच्या खुणा जिथल्या तिथे होत्या. प्लग चुकीच्या जातीचा असला तर त्याचं टोकच निखारा बनतं, पण नंबर बरोबर होता आणि बाकीच्या तीन सिलिंडरमधले प्लग कोरड्या विटकरी रंगाचे, अगदी शहाण्या मुलांसारखे. पाण्याच्या वाटा साफ होत्या. तिसऱ्याभोवती पाणी पोचत नसेल म्हणून मी तार घालून बघितली, ती सरळ पलीकडे निघाली. कार्ब्युरेटर उघडला, तोही स्वच्छ. कार्बन तर साचायला वेळच मिळाला नव्हता. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना, आणि जसजसं कळेना तसतसा माझा पारा चढायला लागला.

एक गोष्ट मात्र मला दुपारपासून टोचत होती. चालवणाऱ्याची चूक असती, पेट्रोलची असती, टायमिंगची असती, तर चारही सिलिंडरना थोडाफार चटका बसला असता. दोन्ही वेळा तिसराच का? कासव काय तिसऱ्याशी वैर धरून गाडी चालवत होता?

मी हेड उलटं ठेवलं आणि फडक्याने व्हॉल्व्ह पुसायला घेतले. पहिला, दुसरा. तिसऱ्या सिलिंडरमधला धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पुसताना फडकं अडकलं. ओढलं तर धागा तुटून तिथेच राहिला. टॉर्च जवळ नेला. चांदणी होती.

ही चांदणी म्हणजे मामंजींची सही. व्हॅनचं इंजिन मुळात त्यांनीच बांधलं होतं. पूर्ण इंजिन बांधलं की ते तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हच्या तोंडावर बारीक छिन्नीने चांदणी काढतात. बाहेर नाही, आत. मी नवी नवी असताना विचारलं होतं, इथे कोणाला दिसणार? तर म्हणाले, "जो उघडेल त्याला. आत बघणारा माणूस आपल्यातलाच असतो. त्याला कळू दे की आधी इथे कोणीतरी मन लावून काम केलंय." छिन्नी मारली की लोखंड कडेला वर उचलून येतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ते नंतर बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचे. घासायचे, अंगठा फिरवायचे, पुन्हा घासायचे. शेवटी चांदणी नुसती डोळ्यांना दिसायची, नखाला लागायची नाही.

ही लागत होती. पाचही टोकांना पातळ पात्यासारखी धार उभी होती आणि एक टोक जळून निळं-पांढरं पडलं होतं. तो व्हॉल्व्ह आधीच सगळ्यात तापणारा, त्यावर असली पातळ धार. तिची उष्णता जाणार कुठे? ती तापून लाल होणार आणि ठिणगीच्या आधी सगळं पेटवून देणार. मागच्या वेळी मी हेड साफ केलं तेव्हा सगळीकडे ब्रश मारला होता, फक्त चांदणीला वगळून. मामंजींच्या सहीवरून तारेचा ब्रश फिरवायची माझी छाती झाली नव्हती. आमच्या घराबाहेरच्या कुठल्याही मिस्त्रीने डोळे झाकून फिरवला असता, आणि ही धार त्याच्या हाताला लागली असती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा माणूस कामात कसूर करतो, आणि वर दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो! मी व्हॉल्व्ह काढला आणि तशीच मागच्या खोलीत गेले. मामंजी उठून खाटेवर बसले होते.

"बघा," मी व्हॉल्व्ह त्यांच्या हातात ठेवला, "तुमचं काम. हात फिरवून बघा जरा."

त्यांनी शांतपणे अंगठा चांदणीवर दाबला आणि नेहमीसारखा गोल फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"गुळगुळीत तर आहे," ते म्हणाले.

त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. आधी थेंब, मग रेघ, मग ते मनगटाकडे ओघळायला लागलं. आणि मामंजी माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा बदलला असणार, कारण मग त्यांनी खाली बघितलं.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. त्यांनी अंगठा पॅन्टला पुसला, जणू ग्रीस लागलं होतं. मी त्यांचा हात ओढून घेतला आणि माझ्या ओढणीचं टोक त्यावर दाबून धरलं.

"दुखत नाहीये?"

"नाही."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. आधी टोकं बधिर व्हायची, मुंग्या आल्यासारखी. मग मुंग्याही गेल्या."

"तुमच्या मधुमेहाचं आहे हे! दर महिन्याला डॉक्टरांकडे जाता ना? त्यांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि मी? मी दिवसभर समोर असते. मला सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी माझ्या ओढणीवरचा रक्ताचा डाग बघितला. मग म्हणाले, "तू मला कामाला हात लावू दिला नसतास."

खोटं कशाला बोलू? नसताच दिला.

मग हळूहळू बाहेर आलं. बारीक स्क्रू ते माझ्याकडे सरकवायचे, तुझे डोळे तरुण आहेत म्हणत. डोळे त्यांचे चांगलेच होते. नट घट्ट झाला का ते पान्ह्याच्या आवाजावरून ओळखायचे. एवढं सगळं ते जमवत होते, कोणाला पत्ता लागू न देता. आणि चांदणीच्या वेळी अंगठा फिरवायचे. अंगठा काहीच सांगायचा नाही, आणि काहीच लागत नाही म्हणजे गुळगुळीत झालं, असं ते धरून चालायचे. किंवा धरून चालायचं ठरवायचे. ते मला विचारवलं नाही.

मी पट्टी बांधली. बांधता बांधता मनात जे आलं ते बोलून टाकलं.

"मामंजी, ऐका. ग्राइंडरवर मिनिटभराचं काम आहे. चांदणी घासून टाकते. बाईंना सांगते की प्लग सदोष निघाला, कंपनीतूनच तसा आला असेल. कासवाचं काम राहील. तुमचंही नाव राहील. कोणाचंच काही जाणार नाही."

मी ते मनापासून म्हटलं होतं, हेही सांगते. या माणसाने मला हाताला धरून इंजिन शिकवलं. बाई माणसाकडे कोण गाडी देईल म्हणणाऱ्यांना त्यांनी परस्पर पाणी पाजलं. त्यांच्यासाठी एका प्लगवर आळ घ्यायला मला काडीची लाज वाटत नव्हती.

मामंजी पट्टीकडे बघत बसले. त्यांना तो विचार आवडला होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी मान हलवली.

"आणि बाकीची इंजिनं? हात गेल्यापासून मी काय हे एकच बांधलंय? त्या सगळ्यांत चांदणी आहे. त्यांचे मालक उद्या रस्त्यात अडकतील आणि आपापल्या ड्रायव्हरला शिव्या घालतील. कोणकोणत्या प्लगवर ढकलशील?"

मी उरलेली पट्टी गुंडाळून ठेवली.

"आणि त्या माणसाला मी चारचौघांत बोललो. हेड न उघडता." ते चपला शोधायला खाली वाकले. "चल. बाई अजून शाळेत असतील."

कासव बाहेर टायरवरच बसून होता. मामंजींनी त्याला फक्त "ये" म्हटलं, आणि तो फाशीला निघाल्यासारखा आमच्या मागे आला.

बाईंच्या खोलीत भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती आणि टेबलावर वह्यांचा ढीग. मामंजींनी बसायला नकार दिला. खिशातून व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवला आणि सरळ बोलायला लागले. खूण मी काढली, धार मी ठेवली, ती तापली आणि पिस्टन गेला, दोन्ही वेळा. यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. सकाळी मी बोललो ते चुकीचं बोललो. नव्या पिस्टनचं काम आमच्याकडून.

बाईंनी व्हॉल्व्ह उचलला, बघितला. "पण तुमच्यासारख्या माणसाकडून..." त्या अडखळल्या. "तुमची खात्री आहे?"

मामंजींनी पट्टी बांधलेला अंगठा वर केला. "याला विचारलं मी. याला काही कळत नाही हल्ली."

कासव दाराशी उभा होता. त्याने कोणावर आवाज चढवला असता तर मी त्याची बाजू घेतली असती. पण त्याने फक्त विचारलं, अगदी हळू, "म्हणजे मी नीट चालवत होतो?"

"नीट चालवत होतास," मामंजी म्हणाले. "सांगितलं तस्सं चालवत होतास. माझंच चुकलं."

कासवाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. एवढा मोठा माणूस रडायला लागला की कुठे बघावं ते कळत नाही, म्हणून बाईंनी वह्यांची चळत उगाच सारखी केली. मग त्यांनी त्याची माफी मागितली, नीट, त्याच्या तोंडाकडे बघून. सोमवारी व्हॅन तयार असेल का म्हणून विचारलं आणि जरा चाचरत पुढे म्हणाल्या, "आता इंजिन कोण बांधेल?"

"ही बांधेल. मीच शिकवलंय, तेव्हा तक्रार असली तर माझ्याकडे या."

बाई हसल्या. मीही हसले.

मला व्हॉल्व्ह परत घ्यायचा होता, बाईंशी दोन शब्द बोलायचे होते, म्हणून मी मागे राहिले. बाहेर आले तेव्हा ते दोघे शाळेच्या पायऱ्या उतरत होते. मामंजी कठडा धरून, प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघून मग पाऊल टाकत होते. कासव त्यांच्या एक पायरी पुढे, अंग तिरकं करून. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"पायांचंही तसंच झालंय रे," मामंजी त्याला सांगत होते. "परवा चप्पल रस्त्यात राहिली, मी तसाच पुढे गेलो. तळव्याला जमीनच कळत नाही. घरी बोललो नाही अजून."

"सांगा की काका. ताई ओरडतील, पण सांगा."

"सांगतो. ते बोलायचं कसं, तेच जमत नव्हतं. आधी तुझ्यावर सराव करून बघतोय."

मला धावत जाऊन त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मला रडूही येत होतं, आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो. पण मी हाक मारली नाही. फाटकाशी थांबून चपलेचा अंगठा उगाच नीट केला, आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. घर येईपर्यंत त्यांचा सराव पुरा व्हायला हवा होता, आणि मला ते सगळं पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवून ऐकायचं होतं.